ओपनडब्ल्यूआरटी टाकलेला राऊटर संध्याकाळी आपोआप रीस्टार्ट होतोय, शिवाय ५ गिगाहर्ट्झ गायब

चिरेबंदी · शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. घर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडे. केबलवाल्याचं फायबर आहे. त्याचा पांढरा डबा ब्रिज मोडवर (नुसती जोडणी पुढे देणारा) टाकून घेतलाय आणि पुढे माझा टीपी-लिंक आर्चर सी७, व्हर्शन ५. पीपीपीओई, म्हणजे केबलवाल्याकडचं लॉगिन, राऊटरच करतो.

त्यात कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर आहे. आधी २३.०५ होतं, बिनतक्रार चाललं. गणपतीला घरी आलो तेव्हा निवांत बसून २४.१० टाकलं. जुन्या सेटिंग ठेवल्या नाहीत, कोरं टाकलं आणि सगळं हातानं परत भरलं. तेव्हापासून दोन दुखणी लागलीत.

एक, दिवे लागणीच्या सुमाराला राऊटर आपोआप रीस्टार्ट होतो. कधी एकदा, कधी पाठोपाठ. दिवसा ढिम्म, काही होत नाही. आईची मालिका नेमकी त्याच वेळी असते, त्यामुळं घरात माझ्या शिक्षणाबद्दल शंका घेतली जाऊ लागलीय.

दोन, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय येतच नाही. लुसीमध्ये (ओपनडब्ल्यूआरटीचं ब्राउझरमधलं सेटिंगचं पान) 'डिव्हाईस चालू नाही' असं दाखवतं. २.४ व्यवस्थित.

केबलवाल्याच्या ऑफिसला फोन केला तर "राऊटर रीस्टार्ट माडी सर" (कानडीत 'करा') एवढंच. अहो, तो स्वतःच माडतोय, तीच तर तक्रार आहे.

परत २३.०५ वर जाऊ का?

---

कोडवाला_पुणे · शनिवार, रात्री १०.४०

मूळचा अनगोळचा, सध्या पुण्यात. सी७ माझ्याकडेही होता. तुझं दुखणं मला ओळखीचं वाटतंय. ५ गिगाहर्ट्झची चिप एटीएच१०के ड्रायव्हरवर चालते आणि ओपनडब्ल्यूआरटी त्यात आपणहून 'सीटी' प्रकारचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर देतं. काही घरांत तो उत्तम चालतो, काही घरांत चिपचं फर्मवेअर कोसळतं. सीटीची दोन्ही पॅकेजं काढ, त्या जागी साधं केमॉड-एटीएच१०के आणि क्यूसीए९८८एक्सचं साधं फर्मवेअर टाक. आधी नवीन डाउनलोड करून ठेव, मग जुनं काढ, नाहीतर नेट गेलं की अडकशील.

माझ्या मते ९० टक्के हेच आहे.

---

तांबडी_वायर · शनिवार, रात्री ११.०५

पुणेकर, ९० टक्के कुठनं काढलास गा? लॉग बघितला नाहीस, काही नाही.

चिरेबंदी, उगी घाई करू नको. २३.०५ वर जाऊन बरं वाटलं तरी कारण कळणार नाही. आधी हे सांग: खालच्या स्टिकरवर व्हर्शन ५ च आहे न्हवं? रीस्टार्ट झाल्यावर लॉगरीडमध्ये (राऊटरचा लॉग, म्हणजे नोंदी दाखवणारी कमांड) काय दिसतंय? आणि अडॅप्टर मूळचाच हाय की बदललाय?

(ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या मंचावर सगळं देवनागरीत होतं, म्हणून कमांडही तशाच लिहिल्यात. राऊटरवर टाईप करताना इंग्रजी बारीक अक्षरात.)

---

चिरेबंदी · रविवार, सकाळी ८.३०

हो, व्हर्शन ५, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. अडॅप्टर डब्यातला मूळचा, १२ व्होल्ट २ अँपिअर. मल्टीमीटर लावला, १२.३ व्होल्ट दाखवतो, म्हणजे ठणठणीत.

लॉगरीडचा घोळ असा की रीस्टार्ट झाला की लॉग पुसलेला असतो. पहिली ओळच बूट झाल्याची.

---

शहापूरची_ताई · रविवार, सकाळी ९.१५

लॉग रॅममध्ये राहतो, म्हणून पुसला जातो. फ्लॅशवर लिहायला लावू नका, ती झिजते. लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवा. माझ्या सेवा केंद्रात सगळे राऊटर असेच लावलेत.

लुसीमध्ये सिस्टीम, मग परत सिस्टीम, मग लॉगिंगचा टॅब. तिथं बाहेरच्या लॉग सर्व्हरचा पत्ता द्या. जुना लॅपटॉप असेल तर झकास. नसेल तर घरातला एखादा पडका मोबाईल चार्जरला लावून त्यावर सिसलॉग घेणारं ॲप चालवा. एक लक्षात ठेवा, नेहमीचा पोर्ट ५१४ असतो, पण रूट न केलेला अँड्रॉइड १०२४ च्या खालचा पोर्ट उघडू देत नाही. म्हणून दोन्हीकडे ५५१४ ठेवा.

आणि लॉगमधल्या वेळेकडे बघा. या राऊटरात घड्याळाची बॅटरी नसते. बूट झाल्यावर तो स्वतःच्या फाइलींमधली सर्वांत अलीकडची तारीख धरून बसतो आणि नेट लागल्यावर एनटीपीनं खरी वेळ घेतो. त्यामुळं लॉगमध्ये वेळ अचानक मागे उडी मारताना दिसली की तिथं रीस्टार्ट झाला असं समजा.

---

निपाणी_एक्सप्रेस · रविवार, सकाळी ११.५०

मध्येच घुसतोय, राग नको. शेजाऱ्यांचा टीपी-लिंक ८४१एन, व्हर्शन ९. त्यांच्या पोरानं कुठला तरी व्हिडिओ बघून त्यात कस्टम फर्मवेअर घातलं. आता सगळे दिवे एकदम लागतात, विझतात, परत लागतात. १९२.१६८.०.१ नाही, १९२.१६८.१.१ नाही. पोरगं दोन दिवस घरात तोंड लपवून फिरतंय. वाचेल का?

---

संपादक · रविवार, दुपारी १२.१०

खरं तर वेगळा धागा काढायला हवा होता. पण विषय जवळचा आहे, राहू दे. फक्त उत्तर देताना कुणाला देताय ते लिहा.

---

तांबडी_वायर · रविवार, दुपारी १.३०

निपाणी, वाचेल. पोराला म्हणावं जेव पोटभर.

आधी मेलाय की झोपलाय ते बघायचं. पॉवर लावल्यावर एखादा दिवा भराभर लुकलुकायला लागतो, तेवढ्यात रीसेट बटण दाबायचं. लुकलुक आणखी जोरात झाली तर फेलसेफमध्ये गेला, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी जिवंत हाय, फक्त सेटिंग बिघडल्यात. पीसीला हातानं १९२.१६८.१.२ पत्ता द्यायचा, एसएसएचनं १९२.१६८.१.१ वर रूट म्हणून शिरायचं, पासवर्ड लागत नाही. आत माउंट_रूट, मग फर्स्टबूट, मग रीबूट. कोरा होऊन येतो.

पण तू सांगूलालास त्यावरनं तो बूटलोडरच्या (चालू झाल्यावर सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) पुढं जाईना झालाय. मग टीएफटीपी, म्हणजे वायरीवरनं फाइल पाठवायची साधी पद्धत.

पीसीचा पत्ता १९२.१६८.०.६६. हाच, दुसरा नको, राऊटरचा बूटलोडर ह्याच पत्त्यावर फाइल मागायला येतो. स्वतः तो १९२.१६८.०.८६ होऊन बसतो. पीसीवर टीएफटीपी सर्व्हर चालू करायचा आणि त्यात कंपनीचं मूळ फर्मवेअर ठेवायचं, नाव बदलून 'डब्ल्यूआर८४१एनव्ही९_टीपी_रिकव्हरी.बिन'. एक अक्षर इकडंतिकडं झालं तर घेणार नाही. विंडोजची फायरवॉल बंद. वायर लॅन पोर्टात. मग रीसेट दाबून धरून पॉवर द्यायची, धरूनच ठेवायचं, सर्व्हरच्या खिडकीत फाइल जाताना दिसली की सोडायचं. त्यानंतर कशालाही हात लावायचा नाही. चहा करायला जावा.

आता लोक कुठं फसतात ते सांगतो. राऊटर चालू झाल्या झाल्या थोडाच वेळ फाइल मागतो. पीसीचं लॅन कार्ड वायर लागल्याचं ओळखेपर्यंत ती वेळ टळते आणि माणूस म्हणतो, टीएफटीपी चालत नाही. मध्ये एक साधा स्विच लावायचा. पीसीची लिंक स्विचशी कायम जोडलेली राहते आणि राऊटरनं हाक मारली की लगेच ओ मिळते. केबलवाल्याकडं असले पाच पोर्टचे स्विच पडलेले असतात, मागून आणा.

दुसरं, हे महत्त्वाचं. मूळ फर्मवेअरच्या फाइलीच्या नावात 'बूट' शब्द असला तर त्यात पुढच्या बाजूला बूटलोडरही जोडलेला असतो. ओपनडब्ल्यूआरटीतनं परत कंपनीच्या फर्मवेअरवर येताना ती फाइल तशीच घातली की फर्मवेअरच्या जागेवर भलतंच लिहिलं जाऊन राऊटर सुरूच होत नाही. तिथं पुढचे ५१२ बाइटचे २५७ तुकडे कापायचे, म्हणजे १,३१,५८४ बाइट. लिनक्सवर डीडी कमांडला बीएस ५१२, स्किप २५७. शक्यतो नावात 'बूट' नसलेलीच फाइल शोधा, कटकट नको.

---

हाफ_तिकीट · रविवार, दुपारी ३.४५

चिरेबंदी भाऊ, ५ गिगाहर्ट्झसाठी सोपा उपाय. देश म्हणून अमेरिका निवडा. चॅनलही उघडतात, पॉवरही वाढते. आमच्याकडं सगळे तसंच करतात.

---

मलप्रभा_काठ · रविवार, संध्याकाळी ५.२०

अर्धं बरोबर, अर्धं चुकीचं.

बरोबर हे की देशाचा कोड भरलेला नसणार. कोरं फर्मवेअर टाकलं की ओपनडब्ल्यूआरटीत वायफाय मुळात बंद असतं आणि देशाचा रकाना रिकामा. देश माहीत नसला की लिनक्स सगळ्या जगाला चालेल असा सर्वांत भित्रा नियम लावतो. त्यात ५ गिगाहर्ट्झवर नुसतं ऐकायची परवानगी असते, स्वतःहून बोलायची नाही. बोलायचंच नाही तर ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारं यंत्र) उभा कसा राहणार? म्हणून 'चालू नाही'. चिरेबंदी, वायरलेसमध्ये एडिट, प्रगत सेटिंग, देश भारत, चॅनल ३६ किंवा १४९, सेव्ह. ड्रायव्हर बदलायच्या आधी हे बघा.

चुकीचं हे की अमेरिका कशाला? आपल्याकडे दूरसंचार खात्यानं ऑक्टोबर २०१८ मध्येच ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. चॅनलची टंचाई नाही. आणि सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचं केंद्र आहे. परक्या देशाच्या नियमानं तिथल्या हवेत काय सोडताय याची थोडी चाड ठेवा.

पॉवर वाढवून रेंजही मिळत नाही. राऊटर ओरडेल, पण मोबाईलचा आवाज तेवढाच राहतो. फोनवर कांड्या पूर्ण, पान मात्र उघडत नाही, असली गंमत होते. त्यात नाव 'चिरेबंदी' म्हणजे घर जांभ्या चिऱ्याचं असणार. दीड फुटी चिऱ्याच्या भिंतीतनं ५ गिगाहर्ट्झ पलीकडं जात नाही, कुठल्याही देशाचा कोड टाका. माजघरासाठी वायर ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणं हाच मार्ग.

---

चिरेबंदी · रविवार, रात्री ९.५५

मलप्रभा, दंडवत! देशाचा रकाना रिकामाच होता. भारत टाकलं, चॅनल ३६, ५ गिगाहर्ट्झ लगेच उभं. (हो, घर चिऱ्याचंच, वर मंगळुरी कौलं.)

कोडवाला, तुमचंही ऐकलं. सीटीवाली पॅकेजं काढून साधी टाकली. पण आज संध्याकाळी परत रीस्टार्ट, आणि ५ गिगाहर्ट्झ चालू झाल्यापासून जास्तच. म्हणजे आजार वाढला.

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे जुन्या लॅपटॉपवर लॉग घेतला. शेवटच्या ओळी मराठीत उतरवून देतो:

६ वाजून ५८ मिनिटं: होस्टएपीडी, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडला गेला.
६ वाजून ५९ मिनिटं: डीएनएसमास्कनं टीव्हीला पत्ता दिला.
मग थेट कर्नल सुरू झाल्याची ओळ, आणि तारीख मागची, ताई म्हणाल्या तशी.

मध्ये काही नाही. एटीएच१०केची तक्रार नाही, मेमरी संपल्याची ओळ नाही. बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवावा तसा लॉग तुटतोय.

मेमरी बघितली, निम्म्याहून जास्त मोकळी. तापमान म्हणाल तर हात ठेवता येतो. यूपीएसवर आहे, त्यामुळं लाईट गेल्यानं बंद पडण्याचाही प्रश्न नाही.

---

तांबडी_वायर · रविवार, रात्री १०.०१

थांब.

यूपीएस? कुठला यूपीएस?

---

चिरेबंदी · रविवार, रात्री १०.०८

ते छोटं असतं ना, राऊटरसाठीचं, हातात मावणारं. अडॅप्टरची पिन त्याच्यात आणि त्याची पिन राऊटरमध्ये. गणपतीलाच आणलं, खडेबाजारातनं. गावात थ्री-फेज सिंगल-फेज बदलताना लाईट डोळा मारते, प्रत्येक वेळी राऊटर बंद पडायचा, म्हणून.

---

तांबडी_वायर · रविवार, रात्री १०.३५

म्हणजे फर्मवेअर आणि यूपीएस एकाच सुट्टीत आले, आणि सगळा आळ फर्मवेअरवर. आता नीट ऐक.

तू १२.३ व्होल्ट मोजलंस ते अडॅप्टरचं, तेपण रिकाम्या पिनीवर. मोकळी गाडी ओढताना बैलाचा दम कळत नाही. भार पडल्यावर व्होल्टेज किती उरतंय ते मोजायचं, आणि मोजायचं यूपीएसच्या पुढं, राऊटरच्या तोंडाशी.

ह्या स्वस्त डब्यांत आत लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले १८६५० सेल असतात. काहींत सेलच्या ३.७ व्होल्टांवरनं सर्किट १२ व्होल्ट बनवतं. १२ व्होल्टला १ अँपिअर द्यायचा तर सेलकडनं तिपटीहून जास्त करंट ओढायला लागतो. सेल जुने, काढलेले, नवीन वेष्टन घातलेले असले की तिथंच गुडघे टेकतात. काहींत सर्किटच नसतं, तीन सेल एकापुढं एक, भरलेले असताना १२.६ आणि उतरत उतरत ९ च्या घरात. वेष्टनावर मात्र '१२ व्होल्ट ३ अँपिअर' झोकात छापलेलं.

आता तुझी संध्याकाळ बघ. फेज बदलताना लाईट डोळा मारते, यूपीएस सेलवर उडी मारतो. त्याच वेळी घरातली सगळी माणसं परत आलेली, मोबाईल जोडलेले, टीव्ही चालू. दोन्ही रेडिओ जोरात पाठवूलालेत, करंट वाढलाय. क्षणभर व्होल्टेज बसतं, प्रोसेसर रीसेट होतो, लॉग लिहायलासुद्धा सवड मिळत नाही. ५ गिगाहर्ट्झ चालू झाल्यावर वाढलं म्हणालास ना? दुसरा रेडिओ जागा झाला, भार वाढला.

यूपीएस काढ, अडॅप्टर थेट लाव, दोन-चार संध्याकाळी जाऊ दे. बाकी कशाला हात लावू नको.

---

कोडवाला_पुणे · रविवार, रात्री ११.२०

काका, शक्य आहे, पण लॉग तुटला म्हणजे करंटच, हे मला पटत नाही. कर्नल पॅनिक झालं (सिस्टीमचा गाभाच कोसळला) तरी ओपनडब्ल्यूआरटी काही सेकंदांत आपोआप रीबूट होतं, आणि पॅनिकचा मजकूर नेटवरून सिसलॉगला पोचतोच असं नाही. नेटवर्कच मेलेलं असतं. खरं बघायचं तर सिरीयल (बोर्डावरून थेट संगणकाला जाणारी तार) लावायला हवी. यूएसबी ते टीटीएल, ३.३ व्होल्टचं, बॉड १,१५,२००, बोर्डावर ग्राउंड, टीएक्स, आरएक्स तीनच तारा, व्हीसीसीला जोडायचं नाही. पॅनिक असेल तर स्क्रीनवर रडगाणं दिसेल. करंट असेल तर मध्येच एकदम बूटलोडरची पहिली ओळ.

---

तांबडी_वायर · सोमवार, सकाळी ७.४०

हे मात्र सोळा आणे खरं. पण सिरीयलसाठी डबा खोलायचा, सोल्डरचा डाग द्यायचा, त्याआधी एक पिन काढून दुसरी घालायला काय पैसे पडतात? फुकटातली तपासणी आधी.

---

शहापूरची_ताई · सोमवार, सकाळी १०.२५

चिरेबंदी, कॅमेऱ्याच्या दुकानात डीसी स्प्लिटर मिळतो, एकाचे दोन तोंड. एक तोंड राऊटरला, दुसऱ्या तोंडात मल्टीमीटरच्या सळ्या. राऊटर चालू असताना मोजता येतं, काही कापावं-सोलावं लागत नाही. फक्त सळ्या एकमेकीला लागू देऊ नका.

---

चिरेबंदी · बुधवार, रात्री ८.५०

ताईंचा स्प्लिटर आणला, गणपत गल्लीत मिळाला. मोजमाप:

अडॅप्टर थेट, दोन्ही रेडिओ चालू, भावाच्या मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली: १२.१, हलत नाही.

यूपीएस मध्ये, भिंतीवरची लाईट चालू: ११.६.

यूपीएस मध्ये, भिंतीवरचं बटण बंद केलं, स्पीड टेस्ट चालू: १०.४, ९.८, आणि मल्टीमीटरवर पुढचा आकडा वाचेपर्यंत राऊटरचे सगळे दिवे गेले, परत आले. भाऊ म्हणाला, "बटण तू दाबलास की ते दाबलं?" परत करून बघितलं, परत तेच. ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवून, एकट्या मोबाईलवर केलं तर मात्र टिकला, म्हणून आधी दिवसा, भार कमी असताना, काही कळत नव्हतं.

यूपीएस काढून ठेवलाय. सोमवारपासून लाईट गेल्याशिवाय एकदाही रीस्टार्ट नाही.

कोडवाला, साधा ड्रायव्हर ठेवू की सीटीवर परत जाऊ?

---

कोडवाला_पुणे · बुधवार, रात्री ९.३०

मान्य, काकांचं बरोबर निघालं. आकड्यापुढं काय बोलणार.

ड्रायव्हर आता चालतोय तर राहू दे. एक मात्र लक्षात घे. मूळ फर्मवेअर फ्लॅशवर दाबून बसवलेलं असतं, त्यात लिहिता येत नाही. तू जे टाकतोस, काढतोस ते वरच्या ओव्हरलेच्या थरात जातं. त्यामुळं सीटीचं पॅकेज 'काढलं' तरी जागा सुटलेली नाही, नुसतं झाकलं गेलंय. १६ एमबीत तुला चालून जाईल. ८ एमबीवाल्यांनी जागा करायला म्हणून असली पॅकेजं काढत बसू नये, उलट ओव्हरले आणखी भरतो. त्यांनी ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टरवर नको ते वगळून इमेजच नवीन बनवून घ्यावी.

आणि पुढच्या वेळी अपग्रेड करताना ओपीकेजीनं (पॅकेजं टाकायची-काढायची कमांड) सगळी पॅकेजं एका फटक्यात अपग्रेड करायची हौस कुणी करू नका. साध्या लिनक्सवर चालतं, इथं राऊटर विटेसारखा पडून राहतो.

---

निपाणी_एक्सप्रेस · गुरुवार, दुपारी २.१५

तांबडी वायर काका, ८४१ उठला! तुम्ही म्हणालात तेच. स्विच नसताना नुसतं रीसेट दाबून दाबून अंगठा दुखला. मध्ये स्विच लावला आणि सर्व्हरच्या खिडकीत फाइल सळसळत गेली. पोराच्या आईनं तुमच्यासाठी तिळगूळ पाठवलाय, पण तो मीच खाणार.

आता पोरगं विचारतंय, त्यात परत ओपनडब्ल्यूआरटी टाकू का?

---

तांबडी_वायर · गुरुवार, दुपारी ३.००

तिळगूळ भाद्रपदात? असू दे, खा.

पोराला सांग, ८४१ व्हर्शन ९ मध्ये ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅम. ओपनडब्ल्यूआरटीनं १९.०७ नंतर असल्या राऊटरांना निरोप दिलाय. जुनं टाकलं तर सुरक्षेचे अपडेट नाहीत, नवीन मावत नाही. कंपनीचंच फर्मवेअर राहू दे. शिकायचीच हौस असली तर १६ एमबी आणि १२८ एमबीचा जुना राऊटर घ्यायला सांग, पण घ्यायच्या आधी खालच्या स्टिकरवरचा व्हर्शन बघून यादीत शोधायचं. नाव तेच, आत चिप वेगळी, असलं फार हाय. व्हिडिओ बघून फाइल उतरवायची नाही.

---

चंदगडी · गुरुवार, संध्याकाळी ६.४०

हद्दीपलीकडनं, महाराष्ट्रातनं विचारतोय, चालेल का? शेतावरच्या घरात कॅमेरे लावलेत, ओपनडब्ल्यूआरटीत पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडं वळवली), मुंबईतनं काही दिसत नाही. फायरवॉल दहा वेळा तपासली.

---

मलप्रभा_काठ · गुरुवार, संध्याकाळी ७.०५

हद्दीचा प्रश्न इथं नाही, विचारा बिनधास्त. राऊटरच्या पहिल्या पानावर वॅनचा (बाहेरच्या जोडणीचा) पत्ता काय दिसतो? १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत काही असेल तर तुमच्या केबलवाल्यानं एकच बाहेरचा पत्ता पुष्कळ घरांत वाटलाय. तुमचं फॉरवर्ड बरोबर असूनही उपयोग नाही, बाहेरचा दरवाजा तुमचा नाहीच. एकतर महिन्याचे जादा पैसे देऊन स्थिर पत्ता घ्या, नाहीतर आयपीव्ही६ मिळतं का विचारा, नाहीतर बाहेर एखादा छोटा सर्व्हर घेऊन वायरगार्डनं (व्हीपीएनचा एक प्रकार) आतून बाहेर बोगदा काढा. कॅमेऱ्याचा पोर्ट उघडा जगाला दाखवण्यापेक्षा हा तिसरा मार्गच बरा. सविस्तर हवं असेल तर नवा धागा काढा, संपादक डोळे वटारतायत.

---

चिरेबंदी · शुक्रवार, रात्री ९.१०

शेवटचा प्रश्न. यूपीएस तर लागणारच, लाईटचा भरवसा नाही. कोणता घेऊ?

---

तांबडी_वायर · शुक्रवार, रात्री ९.४५

कंपनीचं नाव मी सांगत नाही, उद्या डबा फुगला तर माझ्या दारात येशील.

दुकानातच राऊटर आणि स्प्लिटर घेऊन जा. यूपीएस भरलेला असला पाहिजे. राऊटर जोडायचा, दोन्ही वायफाय चालू करायचे, मोबाईलवर काहीतरी मोठं डाउनलोड लावायचं आणि मग यूपीएसची भिंतीवरची पिन काढायची. व्होल्टेज ११.५ च्या खाली गेलं नाही तर घ्यायचा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान. सेल बदलता येतात का तेपण बघ, दोन पावसाळ्यांत ते उतरतातच.

नाहीतर घरात इन्व्हर्टर असला तर राऊटर आणि केबलवाल्याचा डबा, दोन्ही त्याच्यावरच घे. नुसता राऊटर जागा ठेवून काय करणार, फायबरचा डबा झोपला तर?

---

चिरेबंदी · शुक्रवार, रात्री ९.५२

इन्व्हर्टर आहे, पण त्याची लाईन माजघरापर्यंतच आलीय. उद्या वायरमनला बोलावतो, पडवीपर्यंत ओढून घेतो. तशीच माजघरात लॅनची वायर पण टाकून घेतो, दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटला.

---

संपादक · शनिवार, सकाळी १०.००

शीर्षकाआधी 'सुटलं' जोडलंय. चंदगडींच्या कॅमेऱ्याचा धागा वेगळा केलाय.